इंटरनेट घरापर्यंत कसे येते?

गुहागर हा रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठचा तालुका आहे. त्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला दाभोळची खाडी आणि दक्षिणेला जयगडची खाडी आहे. पूर्वेकडे डोंगरातून वळणे घेत रस्ता चिपळूणला जातो. या तालुक्यातील कितीतरी घरांतील माणसे मुंबईत नोकरी करतात. कितीतरी घरांतील माणसे दुबई, कुवेत, सौदी अरेबिया अशा ठिकाणी आहेत. पूर्वी त्यांच्या खुशालीचे पत्र यायला पंधरा-पंधरा दिवस लागत. आता मोबाइलवर त्यांचा चेहराच दिसतो. अम्मी चुलीपुढे बसून बोलते आणि अब्बा दुबईतल्या खोलीतून उत्तर देतात.

पण मुलांनो, एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. एकाच गावात दोन घरे असतात. बाजारपेठेतील घरात अब्बांचा चेहरा स्वच्छ दिसतो. डोंगराच्या पलीकडील वाडीत तोच चेहरा मध्येच थिजतो, आवाज तुटतो आणि शेवटी संभाषणच बंद पडते. दोन्ही घरांत फोन सारखेच आहेत. बोलणारा माणूसही तिकडे त्याच शहरात आहे. मग फरक कोठे पडतो?

हा फरक बहुधा वाटेच्या शेवटच्या तुकड्यात असतो. दुबईपासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून कोकणातील मोठ्या गावांपर्यंतची वाट दोन्ही घरांना जवळजवळ सारखीच असते. तेथून पुढे, म्हणजे दूरध्वनी केंद्रापासून किंवा टॉवरपासून आपल्या उंबरठ्यापर्यंत, मात्र निरनिराळ्या वाटा आहेत. कोठे तांब्याची तार आहे, कोठे काचेचा तंतू आहे, तर कोठे नुसती हवा आहे. या शेवटच्या वाटेवरूनच ब्रॉडबँड जोडणीचे प्रकार ठरतात.

आधी त्या मोठ्या वाटेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. परदेशातून येणारे बोलणे आणि चित्रे उपग्रहामार्फत येतात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक सगळी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येतात. खोल समुद्रातील अशी केबल बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढीच जाड असते. तिच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. अशा अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रातील दोन केबल तुटल्या. तेव्हा इजिप्त, आखाती देश आणि भारत या सर्व ठिकाणी इंटरनेट एकदम मंदावले. केबल हजारो किलोमीटर दूर तुटली होती, पण अडचण इथल्या माणसांना झाली.

आता ‘ब्रॉडबँड’ हा शब्द पाहू. इंटरनेटवरून जाणारे प्रत्येक अक्षर, आवाज आणि चित्र शून्य व एक या दोन खुणांत बदललेले असते. अशा एका खुणेला ‘बिट’ म्हणतात. एका सेकंदात किती बिट येतात यावरून जोडणीचा वेग मोजतात. हजार बिट म्हणजे एक किलोबिट आणि दहा लाख बिट म्हणजे एक मेगाबिट.

भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हा घरच्या टेलिफोनवरूनच नंबर फिरवून इंटरनेटला जोडून घ्यावे लागे. यंत्रातून किरकिर, घरघर असा आवाज येई आणि मग जोडणी मिळे. जोडणी चालू असेपर्यंत घरातील फोन अडकून पडे. पुढे हे तंत्र सुधारले, तरी वेग सेकंदाला ५६ किलोबिटच्या पुढे गेला नाही. २००४ मध्ये भारत सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले. जी जोडणी सतत चालू राहते आणि जिचा वेग सेकंदाला निदान २५६ किलोबिट आहे, तिला ब्रॉडबँड म्हणावे, असे त्यात ठरले. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली.

हे आकडे नुसते वाचून फारसे काही कळत नाही. म्हणून एक हिशेब करू. तुमच्या शिक्षकांनी १०० मेगाबाइटचा एक पाठ चित्रफितीच्या रूपात पाठवला, असे समजा. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे तो पाठ ८०० मेगाबिटचा झाला. जुन्या ५६ किलोबिटच्या जोडणीवर तो उतरायला जवळजवळ चार तास लागले असते. २५६ किलोबिटच्या जोडणीवर बावन्न मिनिटे लागतात, २ मेगाबिटच्या जोडणीवर पावणेसात मिनिटे आणि १०० मेगाबिटच्या जोडणीवर अवघे आठ सेकंद. बिट आणि बाइट यांतील हा आठपटीचा फरक लक्षात ठेवा. जाहिरातीत वेग बिटमध्ये लिहिलेला असतो, पण फोनमधील फाइलचा आकार बाइटमध्ये दिसतो. त्यामुळे ‘शंभराचा वेग घेतला आणि एका सेकंदाला बाराच येतात’ अशी तक्रार लोक करतात. या तक्रारीत बहुधा काही अर्थ नसतो. शंभराला आठाने भागले की साडेबाराच येतात.

घरापर्यंत येणारी सर्वांत जुनी वाट म्हणजे टेलिफोनची तांब्याची तार. भारत संचार निगमने २००५ मध्ये आपली ब्रॉडबँड सेवा याच तारेवरून सुरू केली. नवी तार न टाकता जुन्याच तारेतून इंटरनेट आणता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. माणसाचा आवाज नेण्यासाठी टेलिफोनची तार कमी कंपनांचा थोडासाच भाग वापरते. त्याहून जास्त कंपनांचा भाग रिकामाच असतो. त्या रिकाम्या भागातून इंटरनेटचे संकेत पाठवतात. लग्नात ढोल आणि सनई एकाच वेळी वाजतात, तरी आपला कान दोन्ही वेगवेगळे ओळखतो. तसेच येथे एक लहानशी डबी आवाज आणि इंटरनेट यांना वेगळे करते. म्हणून फोनवर बोलणे आणि इंटरनेट दोन्ही एकाच वेळी चालतात. या पद्धतीला ‘डीएसएल’ म्हणतात.

पण तांब्यात एक दोष आहे. तार जितकी लांब, तितका संकेत क्षीण होतो. दूरध्वनी केंद्राच्या शेजारच्या घराला चांगला वेग मिळतो. तीन-चार किलोमीटर दूर असलेल्या घराला तो फार कमी मिळतो आणि पाच किलोमीटरच्या पुढे काम होणे कठीण असते. कोकणातील गावे एका जागी वसलेली नसतात. एक वाडी सड्यावर, दुसरी ओढ्यापलीकडे, तिसरी खाडीच्या काठावर अशी ती विखुरलेली असतात. शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेने तारेचे सांधे गंजतात आणि पावसाचे पाणी शिरले की खरखर सुरू होते. कोकणासाठी ही वाट कधीच फारशी सोयीची नव्हती, असेच म्हटले पाहिजे. आता तांब्याची जागा काचेचे तंतू घेत आहेत.

शहरात टीव्हीच्या केबलमधूनही इंटरनेट देतात. या केबलच्या मधोमध तांब्याची तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असते. तिच्यात वेग चांगला मिळतो. मात्र एकाच केबलवर गल्लीतील अनेक घरे असतात आणि संध्याकाळी सगळे एकदम इंटरनेट वापरू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते. दाट वस्तीतच ही पद्धत परवडते.

सर्वांत उत्तम वाट काचेच्या तंतूची. तिला ‘ऑप्टिकल फायबर’ म्हणतात. हा तंतू अतिशय शुद्ध काचेचा असतो. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे नऊ हजारांश भाग असते. आपला केस त्याच्या सात-आठ पट जाड असतो. या तंतूतून वीज जात नाही, प्रकाश जातो. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना इजा मात्र करू शकतो. म्हणून तुटलेल्या तंतूच्या टोकाशी डोळा लावून कधीही पाहू नये.

प्रकाश तर सरळ रेषेत जातो. मग तो वाकड्या तंतूतून कसा जातो? विहिरीत पोहताना तुम्ही पाण्याखाली डोळे उघडून तिरपे वर पाहिले असेल, तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकताना दिसला असेल. पाण्यातून हवेत जाणारा प्रकाश फार तिरपा पडला, तर तो बाहेर न जाता पाण्यातच परत फिरतो. काचेच्या तंतूतही तसेच होते. गाभ्याभोवती निराळ्या प्रकारच्या काचेचे आवरण असते. त्या आवरणावर प्रकाश तिरपा पडतो आणि पुन्हा आत वळतो. असे होत होत तो कित्येक किलोमीटर पुढे जातो. काचेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो.

या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबमधील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदरसिंग कपानी इंग्लंडमध्ये शिकत होते. हॉपकिन्स या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचवून दाखवले आणि १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नावही त्यांनीच रूढ केले. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की काच पुरेशी शुद्ध असेल तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील. या कामाबद्दल काओ यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कपानी यांना त्यात वाटा मिळायला हवा होता, असे अनेकांना वाटले. २०२० मध्ये ते अमेरिकेत वारले.

केंद्रातून निघालेला एकच तंतू गावात येतो. तेथे खांबावरच्या किंवा भिंतीवरच्या पेटीत त्याच्या फांद्या फुटतात. एका तंतूचे बत्तीस किंवा चौसष्ट भाग होतात आणि एकेक भाग एकेका घरात जातो. या पेटीला वीज लागत नाही, कारण प्रकाश वाटून देण्याचे काम काचच करते. खरे तर प्रत्येक घरात सर्वांसाठीचे संदेश पोहोचतात. पण ते कुलूपबंद असतात. तुमच्या घरातील पेटी फक्त तुमच्याच नावाचे संदेश उघडते. तांब्यासारखा येथे अंतराचा त्रास नाही. केंद्र दहा-पंधरा किलोमीटर दूर असले तरी वेग कमी होत नाही. काचेतून वीज वाहत नसल्यामुळे आकाशात वीज कडाडली तरी ती या तंतूवाटे घरात शिरत नाही.

म्हणजे सगळेच चांगले, असे मात्र नाही. काचतंतू फार वाकवला तर त्यातील प्रकाश बाहेर गळतो. वादळात माड पडला, रस्ता रुंद करताना खोदाईच्या यंत्राचा दात लागला की तंतू तुटतो. तांब्याची तार पिळून जोडता येते, काच पिळता येत नाही. मग कारागीर एक यंत्र घेऊन येतात. तंतूच्या एका टोकाकडून ते प्रकाशाचा ठोका पाठवतात. जेथे तंतू तुटला आहे तेथून थोडा प्रकाश परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. एक किलोमीटर जाऊन परत यायला एका सेकंदाचा एक लाखांश भाग लागतो. ही जागा सापडली की दोन्ही टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. हे काम डोळ्यांत तेल घालून करावे लागते. तंतूवर धुळीचा कण राहिला तरी सांधा बिघडतो.

आणखी एक अडचण पावसाळ्यात कळते. जुन्या टेलिफोनला लागणारी वीज दूरध्वनी केंद्रातून तांब्याच्या तारेनेच येत असे. म्हणून घरातील दिवे गेले तरी फोन चाले. काचेतून वीज येत नाही. घरातील वीज गेली की काचतंतूची पेटीही बंद पडते. तिला लहानशी बॅटरी जोडून ठेवली तर काही तास काम चालते. टॉवरचेही तसेच आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला. वीज गेली, फोन बंद पडले आणि पुरात अडकलेल्या आपल्या माणसांची खबर कित्येकांना लागेना. जोडणी निवडताना आपण वेग विचारतो, पण वीज गेल्यावर ती किती वेळ चालेल, हे फारसे कोणी विचारत नाही.

गावागावांत काचतंतू पोहोचावा म्हणून केंद्र सरकारने २०११ मध्ये एक मोठी योजना मंजूर केली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे तिने ठरवले. २०१५ पासून या योजनेला ‘भारतनेट’ असे नाव आहे. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत तंतू आला म्हणजे तो वाडीतील घरात आला, असे होत नाही. कार्यालयापासून वाडी दोन-तीन किलोमीटर दूर असते आणि मध्ये पाखाडी, ओढा, चढण असते. शेवटचा तुकडा पुन्हा उरतोच.

तो तुकडा पुष्कळदा हवेतून पार केला जातो. मराठीत याला ‘बिनतारी’ म्हणतात आणि उर्दूत ‘बेतार’. तार दोन्हीकडे एकच आहे! भारतातील ब्रॉडबँड वापरणाऱ्या शंभर ग्राहकांपैकी नव्वदांहून अधिक ग्राहक मोबाइलवरूनच ते वापरतात. टॉवर आणि फोन यांच्यामध्ये रेडिओलहरी ये-जा करतात. तुम्ही अंजनवेलचे दीपगृह पाहिले असेल. त्याचा दिवा समुद्रात दूरवर दिसतो, पण डोंगराच्या मागे राहणाऱ्या माणसाला तो दिसत नाही. रेडिओलहरी प्रकाशाइतक्या हट्टी नसतात. भिंतीतून, झाडांतून त्या थोड्याफार जातात. तरी डोंगर आडवा आला की त्यांचेही काही चालत नाही. म्हणून खाडीच्या मोकळ्या पाण्यावरून लांबचा टॉवर मिळतो, आणि त्याहून जवळच्या, पण खोलगट जागी वसलेल्या वाडीला मिळत नाही.

लहरींतही प्रकार आहेत. कमी कंपनांच्या लहरी दूर जातात आणि भिंती ओलांडतात, पण एका वेळी थोडीच माहिती नेतात. जास्त कंपनांच्या लहरी पुष्कळ माहिती नेतात, पण लवकर थकतात. भारतात ५-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी दोन्ही प्रकारच्या लहरी ठेवल्या आहेत. शहरात टॉवर जवळजवळ असतात. तेथे जास्त कंपनांच्या लहरी चालतात. डोंगराळ भागात मात्र दूर जाणाऱ्या लहरींचाच आधार असतो.

शिवाय टॉवर सर्वांचा मिळून एक असतो. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, ईदला घरे भरतात, मे महिन्यात पर्यटक समुद्रकाठी गर्दी करतात. अशा दिवसांत फोनवर सगळ्या काड्या दिसतात, तरी चित्र हलत नाही. काड्यांवरून लहरी किती जोरात येतात एवढेच कळते. टॉवरपाशी किती गर्दी आहे, हे त्यांवरून कळत नाही.

२०२० मध्ये करोनामुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण मोबाइलवर आले. त्या वर्षी शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला घरी लहरी मिळत नव्हत्या. डोंगरावर एका जागी त्या मिळतात, असे तिला आढळले. तिच्या भावांनी तेथे झोपडी बांधून दिली. भर पावसाळ्यात ती रोज डोंगर चढून जाई आणि त्या झोपडीत बसून व्याख्याने ऐके. वर्तमानपत्रांत ही बातमी आली आणि मग तिच्या घरापर्यंत इंटरनेट पोहोचले. तिच्यासारखी झाडाखाली, सड्यावर, रस्त्याच्या वळणावर बसून शिकलेली मुले कोकणात त्या वर्षी पुष्कळ होती. त्या सर्वांची बातमी झाली नाही.

अशा वाडीसाठी आणखी एक उपाय आहे. टॉवरच्या लहरी हातातल्या फोनने पकडण्याऐवजी छपरावर किंवा उंच खांबावर एक पेटी बसवतात. ती टॉवरकडे तोंड करून असते. तिने पकडलेले इंटरनेट तारेने घरात आणतात. फोनपेक्षा ती मोठी आणि उंचावर असल्यामुळे तिला लहरी चांगल्या मिळतात. मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२३ मध्ये ५-जीवर चालणारी अशी सेवा भारतात सुरू केली. दोन उंच ठिकाणी समोरासमोर तबकड्या लावून खाडीपलीकडे किंवा दरीपलीकडे इंटरनेट नेण्याची रीत त्याहून जुनी आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आमच्याकडे वायफाय आहे’ असे पुष्कळ जण म्हणतात. वायफाय हा जोडणीचा प्रकार नाही. घरात आलेले इंटरनेट खोल्याखोल्यांत पसरवण्याची ती सोय आहे. बाहेरून येणारी वाट तांब्याची असो, काचेची असो की हवेतली, घरात वायफाय सारखेच दिसते. चिऱ्याच्या जाड भिंती वायफायच्या लहरी अडवतात. तेव्हा मागच्या पडवीत इंटरनेट मंद वाटले, तर कंपनीला दोष देण्याआधी पेटी घराच्या मध्यभागी आणि थोडी उंच ठेवून पाहावी.

जेथे तार जात नाही आणि टॉवरही दिसत नाही, तेथे उपग्रह उरतो. काही उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर ते फिरतात, म्हणून आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात. डिसेंबर २०१८ मध्ये सोडला गेलेला इस्रोचा जीसॅट-११ हा असाच, ब्रॉडबँडसाठी बनवलेला उपग्रह आहे. त्याचे वजन ५,८५४ किलोग्रॅम होते. पण एवढ्या उंचीवर जाऊन खाली यायला प्रकाशालाही वेळ लागतो. तुम्ही विचारलेला प्रश्न वर जाऊन खाली पोहोचतो, आणि त्याचे उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येते, तोवर जवळजवळ अर्धा सेकंद निघून जातो. चित्रपट पाहताना हे कळत नाही. बोलताना मात्र दोघेही एकदम बोलू लागतात आणि मग दोघेही एकदम गप्प होतात.

हा उशीर टाळण्यासाठी काही कंपन्यांनी त्याहून पुष्कळ कमी उंचीवर हजारो लहान उपग्रह सोडले आहेत. ते आकाशात स्थिर राहत नाहीत. एक मावळला की दुसरा त्याचे काम उचलतो. अशा सेवेतील स्टारलिंक या कंपनीला भारत सरकारने जून २०२५ मध्ये परवाना दिला. या उपग्रहांशी बोलणाऱ्या तबकडीला वरचे आकाश मोकळे लागते. गुहागरच्या आगरात, जेथे माडांच्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, तेथे ती अंगणात ठेवून चालणार नाही. तिला कौलांच्या वर चढवावे लागेल, नाहीतर सड्यावर नेऊन तेथून घरापर्यंत तार ओढावी लागेल.